पांढऱ्या टोपीची खूण

"पांढरी टोपी घातलेला असेल" अशी खूण सांगणाऱ्या माणसाला मी आधी जाब विचारणार आहे, नमस्कार-चमत्कार मागाहून. रविवारच्या दिवशी आपल्या सरोवराच्या काठाला पांढरा कल्पाक न घातलेला एक पुरुष मला दाखवा. मशिदीतला मुल्ला घालतो, बसचा ड्रायव्हर घालतो, माझ्या बागेतल्या बुजगावण्याच्या डोक्यावरही तोच आहे. त्यापेक्षा "त्याला दोन पाय असतील आणि तो चहा पीत असेल" असं कळवलं असतंत तरी तेवढाच उपयोग झाला असता. आणि कहर म्हणजे त्या दिवशी त्या सबंध चहाखान्यात बिनकल्पाकाचा जो एकच प्राणी आला, तो तुमचा! म्हणे लोकरीच्या टोपीनं डोक्याला खाज येते. तुमच्या त्या खुणेपायी पोरीचं लग्न जमतं की मोडतं अशी वेळ आली आहे, आणि तुम्ही तिकडं नारिनच्या डोंगरात घोडीचं दूध पीत बसला असाल.

असो. थोरल्या भाऊजींना धाकट्या भावाच्या बायकोचा, बुरुलकानचा, वाकून सलाम. (पूर्वी सलाम जमिनीपर्यंत जायचा, आता गुडघ्यापर्यंत जाऊन अडतो, उरलेला मनानं समजून घ्या.) तुमची कंबर कशी आहे? जाऊबाईंचा खोकला थंडीबरोबर गेला का, की अजून माणसं बोलू लागली की नेमका येतो? घोडी व्याली का? आणि तुमच्या त्या बें करणाऱ्या हिवाळ्यातून किती वाचल्या? हसू नका. सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांचं नाव सुनेच्या तोंडी येता कामा नये, आणि त्या नावात जो शब्द असेल तोसुद्धा नाही, हे मला तुमच्याच आईनं पहिल्या दिवशी कान धरून शिकवलं. तुमच्या पणजोबांच्या नावात नेमकं ते जनावर येऊन बसलं, यात माझा काय दोष? जन्म गेला त्यांच्या मागं फिरण्यात आणि त्यांना नावानं हाक मारायची सोय नाही. सरकारी शेताच्या दिवसांत मोजणीला आलेल्या साहेबानं विचारलं होतं, "बाई, काय राखतेस?" मी म्हटलं, "बें करणाऱ्या." त्यानं शेळ्या लिहून घेतल्या. पुढं वर्षभर शेळ्यांचं औषध येत राहिलं. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, पण त्या रविवारचा घोटाळा याच मुळातून उगवला आहे, म्हणून पुन्हा उगाळते.

फोन का केला नाही, असं जाऊबाई विचारतील. तुमच्याकडं फोन लागायला तुम्हाला टेकाडावर चढावं लागतं, आणि तिथं तुम्ही असे ओरडता की फोनशिवायही इथवर ऐकू यावं. शिवाय फोनवर जीभ वापरावी लागते. ते या कामात जमणार नाही. कागदाचं बरं असतं. चौथीपर्यंत शिकवून मला डोंगरात पाठवलं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं की त्या चार इयत्ता कधी उपयोगी पडतील. (अक्षर लागलं नाही तर कागद जरा लांब धरा.)

तर तुमची नात बेगिमाय. आईबाप शहरात, ती माझ्यापाशी, आणि नोकरी हवामानाच्या चौकीवर. सकाळी ढग बघायचे, संध्याकाळी सरोवराचं पाणी किती चढलं ते बघायचं, आणि याचा सरकार पगार देतं. तुम्ही जाऊबाईंच्या भाच्याचं, त्या तिलेकचं, सुचवलंत तेव्हा मी म्हटलं, मुलगा घरी येऊ दे, जेवणाची चादर अंथरते, कणकेचे बोर्सोक तळते, चार माणसं बोलावते. तर ही म्हणते, "आजी, चादर नको, माणसं नकोत. आम्ही दोघंच भेटू. आधी फोटो नाही, चौकशी नाही. आजकाल असंच असतं." न बघता घोडा घेणारा माणूस मी अजून पाहिला नाही, पण नवरा घेता येतो म्हणे. मी बरं म्हटलं. मग ती गेली त्याच गाडीनं मीही गेले, रुमाल नाकापर्यंत ओढला आणि चहाखान्यात तिच्या मागच्या मेजावर पाठ करून बसले. (पाठ करून बसलं तरी मेजावरचा चहाच्या पाण्याचा सामोवर चकचकीत असला की सगळं दिसतं. जरा फुगलेलं दिसतं, इतकंच.)

दिवस कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला पटणार नाही. जर्दाळू ऐन फुलात होता. वारा नव्हता, तरी पाकळ्या गळत होत्या, जणू झाडांनाच हातातलं काही धरवत नव्हतं. सरोवरावर दुधाची साय यावी तसं धुकं होतं आणि पलीकडचे डोंगर खालून कापून वर टांगल्यासारखे दिसत होते, पाय नाहीत, नुसती पांढरी डोकी. पाणी हलत नव्हतं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. अशा दिवशी माणसं मूर्खपणा करतात. मी स्वतः लग्नाला होकार दिला तो असाच दिवस होता.

चहाखान्यात कल्पाक घातलेले पुरुष मांडीला मांडी लावून बसलेले, पण एकटा असा एकच. कोपऱ्यात, झाडाखाली. उन्हानं रापलेला, हात मोठे, आणि कल्पाकाच्या काठावर एक मधमाशी आरामात चालतेय, त्याचं लक्षच नाही. आपली पोर सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हीच का?" त्यानं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि म्हणाला, "हो. मीच."

हा कूबात. मधमाश्यांवाला. जर्दाळू फुलला की पेट्या घेऊन सरोवराकाठी येतो, फूल सरलं की वर तुमच्या डोंगरातल्या कुरणांकडं निघून जातो. कुणाची वाट बघत नव्हता, चहा प्यायला बसला होता. ("हो" का म्हणालास, असं मी त्याला नंतर दरडावून विचारलं. म्हणाला, "आजी, अशी मुलगी समोर येऊन 'तुम्हीच का' विचारते, तर नाही कुठल्या तोंडानं म्हणू?")

इकडं त्यांचा पहिला चहा ओतला जातोय, तोवर तुमचा तिलेक आला. डोक्यावर चोचीची टोपी, हातात दोन फोन. सगळी मेजं भरलेली, म्हणून बसला माझ्याच समोर, आणि न विचारता माझ्या ताटलीतला बोर्सोक उचलला. मग सुरू झाला. त्याचा विटांचा धंदा, त्याच्या पोटातली जळजळ, त्याच्या आईचं म्हणणं की सून कोंबड्याच्या आधी उठणारी हवी. पोरीबद्दल म्हणाला, "वय झालंय म्हणतात, पण जर्दाळूची बाग आहे. एक आजी आहे, तिच्या जिभेला धार आहे म्हणे. पण किती दिवस पुरणार ती?" मी रुमाल आणखी वर ओढला आणि म्हटलं, "चिवट असतात रे अशा म्हाताऱ्या." म्हणाला, "बघू." मग मी त्याचा पियाला काठोकाठ भरला. आपल्यात पाहुण्याला अर्धाच पियाला देतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागेल आणि बसेल; काठोकाठ म्हणजे पी आणि चालू लाग, हे दुधपित्या पोरालाही कळतं. हा म्हणतो, "वा, आजी, मन मोठं आहे तुमचं!" मी पुन्हा काठोकाठ भरला. त्यानं तोही संपवला आणि पाय पसरले. जाऊबाईंच्या माहेरी पाहुण्याला चहा देतात की नाही, मला आता शंकाच आहे.

आणि सामोवरात ती दोघं. भाऊजी, मी काही हळवी बाई नाही. तुमचा भाऊ गेला तेव्हाही मी आधी चूल विझवली आणि मग रडले. पण ती दोघं बोलतच नव्हती म्हणा ना. तो मधमाश्यांचं काहीतरी सांगायचा, हळू, माश्यांनाच ऐकू जाऊ नये असं. मग ती कुठला ढग कशाचा ते सांगायची. पियाल्यांत पाकळ्या पडत होत्या आणि दोघांपैकी कुणी काढत नव्हतं, पाकळ्यांसकट पीत होती. मधेच तिनं बोटानं वर काहीतरी दाखवलं आणि दोघांनी माना वर केल्या, तर सबंध चहाखान्यानं माना वर केल्या. (वर काही नव्हतं. मीही बघितलं.) ती हसली, पण आवाज न करता, लहानपणी झोपेत हसायची तशी. माझे डोळे जरा मिटले असतील. ऊन फार होतं. मला असं वाटलं की मी कुणाच्या तरी मागं घोड्यावर बसले आहे आणि घोडा पाण्यावरून चालला आहे आणि खूर ओले होत नाहीत. तेवढ्यात तिलेकनं ढेकर दिली आणि मी उतरले.

आता घोटाळा ऐका. तो कूबात नीट वळणाचा निघाला, हेच नडलं. दुसऱ्या चहाच्या आधी त्यानं पियाला खाली ठेवला, कल्पाक डोक्यावर सारखा केला आणि म्हणाला, "पुन्हा भेटायचं असेल तर आधी माझे सात बाप ऐकून घे. आईनं बजावलंय. तुझ्या-माझ्या बापांत सात पिढ्यांच्या आत एक जरी नाव सारखं निघालं तर आपण भाऊ-बहीण, आणि मग मी उठून जाईन." आणि लागला म्हणायला. आवाज चांगला आहे मेल्याचा. बापाचं नाव, आजाचं नाव, एकेक असा ठेवत गेला, नदीतून जाताना दगडावर पाय ठेवावा तसा. आजूबाजूचे कल्पाकसुद्धा ऐकू लागले. आणि पाचवं नाव आलं.

तुमच्या पणजोबांचं.

मी ताडकन उठले. मेज उठलं माझ्याबरोबर, कारण रुमालाचं टोक त्याच्या फटीत अडकलं होतं. सामोवर कलंडला, उकळतं पाणी तिलेकच्या मांडीवर गेलं आणि तो आडवा होऊन, कुणी सोलत असल्यासारखा ओरडू लागला. मी त्या दोघांकडं बोट करून म्हटलं, "थांब! तो आमचा आहे!"

"कोण, आजी?" कूबातनं विचारलं.

"तोच! आता म्हणालास तो!"

"मी पाच म्हणालो. त्यातला कुठला?"

"शेवटचा! बें करणारा!"

सगळा चहाखाना माझ्याकडं बघत राहिला. बेगिमाय म्हणाली, "आजी, तू इथं काय करतेयस?" चहाखानेवाली म्हणाली, "हिला झटका आलाय, जीभ अडकलीय, हिला आडवी करा." मी म्हटलं, "आडवी कशाला करता, मला बोलता येतंय, फक्त ते एक बोलता येत नाही!" तर एकानं माझा एक हात धरला, दुसऱ्यानं दुसरा, तिसऱ्यानं तोंडावर पाणी मारलं. तिलेक विजार धरून नाचत होता. "ही कोण म्हातारी आहे?" असं त्यानं विचारलं, आणि बेगिमाय म्हणाली, "ही माझी आजी." मग तो तिच्याकडं बघतो, ती त्याच्या चोचीच्या टोपीकडं बघते, आणि मला वाटतं त्याच क्षणी तिघांनाही कळलं की कुणाला कुणासमोर बसायचं होतं.

पण तिनं तिलेककडं पुन्हा पाहिलंही नाही. मला विचारलं, "आजी, तो आपल्यातला आहे का?" तिला स्वतःला बापापासून तिसऱ्याच्या पुढचं नाव येत नाही. (शिकवायचं काम तुमच्या भावाचं होतं. मी कशी शिकवणार, माझ्या तोंडून ती नावं येत नाहीत.) मी होकारार्थी मान हलवली. एवढंच केलं मी. जेवढ्या ताकदीनं मान हलते तेवढीच. आणि बघते तर झाडाखालचं ते सगळं जागच्या जागी विझलं. तो उठला. म्हणाला, "मग तू माझी बहीण झालीस." ती म्हणाली, "हो ना." कल्पाक काढून त्यानं मेजावर ठेवला, बहुधा घाम पुसायला, आणि तो न घेताच आपल्या गाडीकडं चालत गेला. ती सरोवराकडं गेली. पाण्यापाशी उभी राहिली, जसं काही ते किती चढलंय हेच बघायला आली आहे.

तेव्हापासून कल्पाक आमच्या घरात आहे. तिनं तो हवामानाच्या चौकीवर नेऊन खुंटीला टांगला होता, मग परत आणला, मग पुन्हा नेला. हिंडवतेय त्याला. आणि आकाशाच्या नोंदी बिघडल्या आहेत. रोज "निरभ्र" लिहिते. काल माझं धुतलेलं सगळं भिजलं, आणि सरकारी नोंदीप्रमाणे निरभ्र होतं. कूबातच्या पेट्या पुढच्या गावात आहेत. तो येत नाही, पण त्याच्या माश्या येतात, आमच्या झाडांवर दिवसभर घोंघावतात. त्यांना सात बाप कुणी विचारत नाही. बेगिमाय झाडाखाली उभी राहून त्या आवाजाकडं कान लावते, आणि मी हाक मारली की पाण्याखालून वर यावी तशी येते.

असं हे झालं. नातं जमणार नाही, विषय मिटला. मला त्याचं काही नाही. मला कुणाची काही मागणी नाही, हे पत्र निव्वळ टोपीच्या तक्रारीसाठी लिहिलं आहे, आणि यापुढं तुम्ही कुणाची सोयरीक जमवायला जाऊ नका, एवढीच विनंती. जाऊबाईंना सलाम. बें करणाऱ्यांना सांभाळा.

तुमची भावजय,
बुरुलकान

ता. क. तिलेक बरा आहे. फक्त विजार गेली. आईला सांगितलंन म्हणे की मुलगी ठीक होती पण आजी अजून बरीच वर्षं टिकेल.

ता. क. हे पत्र टपालानं पाठवलेलं नाही, तुमच्या लक्षात आलं असेल. जर्दाळूची फुलं आता सरत आली, पेट्या गाडीवर चढल्या आहेत आणि वाट तुमच्या दारावरून जाते. पत्र आणणारा पोरगा ओळखायची खूण सांगते, आणि ही खूण पक्की आहे: त्याच्या डोक्यावर टोपी नाही. ती इथं आहे. पाकीट मी पिठाच्या खळीनं चिकटवलंय. त्यानं उघडून वाचलं असेल तर कान लाल असतील. नसतील तर हे वाचून होईपर्यंत त्याला बाहेर उभा ठेवू नका. आत घ्या. पियाला अर्धा द्या, भाऊजी. अर्धा.

ता. क. आता जे लिहिते ते जाऊबाईंना वाचून दाखवू नका. लोकर पिंजताना सासूबाईंनी मला एकदा सांगितलं होतं की पणजोबांनी त्या दुष्काळाच्या वर्षी खिंडीपलीकडून एक विधवा करून आणली, आणि तिच्याबरोबर बैलाच्या पाठीवर एक पाळणा आला. पाळण्यातला तो थोरला, तिच्या पहिल्या नवऱ्याचा. आपण सगळे धाकट्याचे, जो इथंच चुलीपाशी जन्मला. या पोराचा चौथा बाप तो पाळण्यातला. बायकांना हे ठाऊक होतं, पुरुषांनी कधी तोंडातून काढलं नाही. एकदा आपल्या चुलीपाशी निजला तो आपला, असं म्हणत आलात, आणि चांगलं म्हणत आलात, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण मी ऐकलंय ते एकदाच, तेही लोकरीच्या धुरळ्यात, आणि सासूबाईंना गोष्टी रंगवायची सवय होती. तुमच्या भावाला विचारलं तर म्हणाले, "ते दादालाच माहीत." आता जिवंत माणसांत ते तुम्हालाच माहीत. मेजवान्यांत बापांची नावं म्हणताना एवढी वर्षं तुम्ही तो थोरला गाळून किंवा गिळून पुढं गेलात. या खेपेला थांबा. खरं असेल तर त्या पोराला सांगा. त्याचा एक पूर्वज जाईल आणि एक बायको येईल, सौदा वाईट नाही. खोटं असेल तर तेही सांगा. मग तो वरच्या कुरणात जाईल, टोपी मी माणसाबरोबर पाठवीन आणि इथं पाऊस पडला की पाऊस लिहिला जाईल.

आणि तुम्ही म्हणाल, कुठल्या पणजोबांबद्दल बोलतेस, मला कळलं नाही. तुम्ही असं म्हणाल, मी ओळखते तुम्हाला. म्हणून एकदाच लिहिते. उठून दार लावून घेतलंय. सासूबाई वरून बघत असतील तर त्यांनी तोंड फिरवावं. कोयचुमान. त्यातलं 'कोय' म्हणजेच ते बें करणारं. हे घ्या, लिहिलं.

जाऊबाईंनी उत्तर द्यायचं नाही, त्या मेंढी म्हणायलाही धजणार नाहीत. तुमच्या मुलानं द्यायचं नाही, तो समोरच्याला आवडेल ते बोलतो. पोराकडं चिठ्ठी देऊन मोकळं व्हायचं नाही. उद्या सकाळी त्याच्या गाडीत, माश्यांच्या पेट्यांशेजारी बसायचं, इथं यायचं, आणि बेगिमायला तिचे सात बाप तुम्ही स्वतः, तोंडानं, एकेक करून सांगायचे.